मेंदूच्या गाभ्यातील गाठ आणि शस्त्रवैद्य



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलण्यासाठी. मीच त्यांना विनंती केली, की यंदा मला मेंदूतल्या गाठीविषयी बोलू द्या. चालक गोंधळले, आणि ते स्वाभाविकच होते. मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर संपले. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मी अधिकाराने बोलत नाही. या विषयातल्या अज्ञानापायी ज्याला एकदा खाली मान घालावी लागली, अशा माणसाने नंतर वाचून आणि विचारून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचे एक जुने सभासद होते. कामाने जॉबर. डोळे मिटून नुसता आवाज ऐकून कुठल्या मागाचे काय बिघडले आहे हे सांगणारा माणूस. त्यांच्या उजव्या हातातून पाना गळून पडू लागला. मग उजवा पाय ओढू लागला. पहाटे डोके दुखे. उलटी झाली की थोडे हलके वाटे. घरच्यांनी पित्ताचे औषध दिले, चष्मा बदलला, एका देवऋष्याने नारळ उतरवला. त्यात तीन महिने गेले. पुढे बोलताना शब्द सापडेनासे झाले, तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेले. फोटो निघाले. मेंदूच्या अगदी गाभ्यात, डाव्या अंगाला, गाठ होती. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "ही गाठ आम्ही आत्ता काढणार नाही. आधी सुईने तिचा कणभर तुकडा घेऊन तपासू."

मी भडकलो. मालकाशी बोलताना जो आवाज वापरतो तोच मी त्या व्हरांड्यात लावला. म्हटले, "गाठ फोटोत दिसते आहे, कवटीला भोक पाडणारच आहात, मग काढूनच का टाकत नाही? अर्धे काम करून पुरा पगार मागण्यातला हा प्रकार झाला." शेजारी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलेले होते, की सुई लागली की कॅन्सर पसरतो. माझे बोलणे ऐकून त्यांचा धीर आणखीच सुटला, आणि त्यांनी सही करायला नकार दिला.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. शांतपणे म्हणाल्या, "काका, ओरडायचं असेल तर खाली जाऊन ओरडा. समजून घ्यायचं असेल तर बसा." मी बसलो. माझ्याच पिशवीतल्या मोर्चाच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मेंदूचे चित्र काढले. आज मी जे सांगणार आहे त्याची सुरुवात त्या चित्रापासून झाली.

माणसाच्या मेंदूचे वजन साधारण चौदाशे ग्रॅम. त्याच्या पृष्ठभागावर राखी रंगाचा थर असतो, जाडी दोन ते चार मिलिमीटर. विचार, भाषा, हालचालीचे हुकूम यांची बरीचशी कामे या थरात चालतात. त्याखाली पांढरा भाग. हा म्हणजे तारांचे जाळे. आणि अगदी आत, मधोमध, काही छोटी केंद्रे आहेत. त्यांतले एक थॅलॅमस. शरीरातून येणारी बहुतेक सर्व संवेदना या ठाण्यावर उतरून पुढे जाते. त्याला लागूनच तारांचा एक अरुंद पट्टा आहे. शरीराच्या एका बाजूच्या हातापायांना हुकूम नेणाऱ्या तारा त्यातून दाटीने खाली उतरतात. गावात एखाद्या गल्लीची तार तुटली तर त्या गल्लीतले दिवे जातात, पण गावाची मुख्य केबल तुटली तर सगळे गाव अंधारात जाते. मेंदूचेही तसेच आहे. वरच्या थरातला एखादा भाग गमावूनही माणूस बऱ्यापैकी चालतो-बोलतो. आतल्या पट्ट्यात ज्वारीच्या दाण्याएवढी इजा झाली तरी अर्धे अंग जाऊ शकते.

तेव्हा खोल गाठीची पहिली अडचण म्हणजे वाट. तिच्यापर्यंत पोहोचायचे तर निरोगी मेंदूतून जावे लागते. दुसरी अडचण गाठीच्या स्वभावाची. ती आम्हा मागवाल्यांना लवकर समजते. कापडावर कुसळ चिकटले तर ते अलगद उचलता येते, कापडाला काही होत नाही. मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या पुष्कळशा गाठी अशा असतात. त्या मेंदूला दाबतात, पण त्यात शिरत नाहीत. पण विणतानाच चुकीचा धागा ताण्याबाण्यात शिरला असेल तर तो ओढताना कापड फाटते. मेंदूच्या आधारपेशींपासून होणारी ग्लायोमा नावाची गाठ या दुसऱ्या जातीची. फोटोत तिची कड दिसते, पण तिच्या पेशी त्या कडेच्या बाहेर निरोगी भागात विखुरलेल्या असतात.

कोणी म्हणेल, मग थोडा जास्त भाग कापा. हाही प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमा झालेल्या काही रोग्यांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल काढून टाकला आणि १९२८ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अर्धा मेंदू काढूनही रोग उलटला. 'सगळे कापून टाका' या मागणीला शास्त्राने दिलेले ते उत्तर होते, आणि त्यासाठी भारी किंमत मोजावी लागली.

आता थोडे मागे जाऊ. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शस्त्रवैद्याने पंचवीस वर्षांच्या एका शेतकऱ्याची कवटी उघडली. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. गाठ कुठे आहे हे ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी केवळ लक्षणांवरून ताडले होते. डाव्या चेहऱ्याला आणि हाताला झटके येतात, पुढे तो हात लुळा पडतो, तर दोष उजव्या बाजूच्या अमुक ठिकाणी असला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. मेंदू उघडला तेव्हा वर काहीच दिसेना. गॉडलींनी पृष्ठभागाला छेद दिला, आणि आत अक्रोडाएवढी गाठ निघाली. हिशेब बरोबर होता. रोगी मात्र महिन्याभरात जंतुसंसर्गाने दगावला. त्या काळी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा अर्थ हा असा होता. तर्क अचूक ठरला तरी माणूस हाती लागत नसे.

गाठ डोळ्यांनी दिसावी म्हणून पुढची पिढी झटली. १९१८ साली याच डँडींनी मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनी त्यांचे फोटो घेतले. १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे जाळे दाखवले. पण गाठ स्वतः दिसत नव्हती. पोकळी कुठे सरकली, रक्तवाहिनी कुठे वाकली, यावरून ती ओळखावी लागे. पडदा उघडला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विंबल्डन भागातील अॅटकिन्सन मॉर्ले इस्पितळात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने त्या दिवशी एका स्त्रीच्या मेंदूतील गाठ चित्रात दाखवली. हाउन्सफील्ड हे ग्रामोफोन रेकॉर्डींसाठी गाजलेल्या ई. एम. आय. कंपनीतले इंजिनियर. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्यासारख्या अर्धशिक्षिताला हे नाव घेताना थोडा अभिमान वाटतो, तो आपण समजून घ्याल. त्यानंतर एम. आर. आय. आले, आणि मेंदूचा गाभा आणखी स्वच्छ दिसू लागला.

पण दिसणे वेगळे आणि तिथे पोहोचणे वेगळे. त्याची युक्ती सी. टी.च्या कितीतरी आधी निघाली होती. १९०८ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांच्या मेंदूसाठी एक चौकट प्रसिद्ध केली. कल्पना कुठल्याही फिटरला कळेल अशी आहे. लोखंडाच्या ठोकळ्याच्या आत नेमक्या एका जागी भोक संपवायचे असेल तर फिटर काय करतो? डावीकडून किती, पुढून किती, वरून किती, अशी तीन मापे घेतो. तीन मापे जुळली की आतली जागा एकच, दुसरी नाही. हीच रीत माणसाच्या मेंदूला प्रथम लावली १९४७ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियात, स्पीगेल आणि वायसिस यांनी. १९४९ साली स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी चौकटीवर अर्धवर्तुळाकार कमान बसवली. त्या कमानीवर सुई कुठूनही आत घाला, टोक मध्यबिंदूवरच येते. त्यामुळे रक्तवाहिन्या चुकवून सोयीची वाट निवडता येऊ लागली.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. ते कॅनडात माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते. पाठोपाठ १९५० साली मद्रासला डॉ. राममूर्ती यांनी काम आरंभले. हे सांगायचे कारण असे, की या विद्येसाठी आता विलायतेला जावे लागत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत ही शस्त्रक्रिया नेहमी होते.

आता प्रत्यक्ष तुकडा कसा घेतात ते पाहू. रोग्याच्या डोक्याची चार ठिकाणे औषधाने बधिर करून त्यावर धातूची चौकट पक्की बसवतात. चौकटीसकट फोटो काढतात. गाठीची तीन मापे संगणक काढून देतो. मग कवटीला एक लहान भोक पाडून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुई ठरल्या वाटेने ठरल्या खोलीपर्यंत नेतात. सुईच्या टोकाजवळ बाजूला एक खाच असते. तिच्यात गाठीचा तांदळाच्या कणीएवढा भाग येतो आणि कापला जातो. असे काही तुकडे घेतात. पुष्कळदा रोगी या वेळी जागा असतो, कारण मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही. आता काही ठिकाणी चौकटीऐवजी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दिशा दाखवणारी यंत्रे वापरतात, पण तत्त्व तेच, तीन मापांचे. पाण्याच्या पोकळीत किंवा तिच्या काठावर गाठ असेल तर बारीक दुर्बीण घालून, साचलेल्या पाण्याला वाट करून देता देताच तुकडाही घेता येतो.

यात धोका नाही काय? आहे. आत रक्तस्राव होऊ शकतो, हातापायांची शक्ती कमी होऊ शकते. अनुभवी ठिकाणच्या नोंदींप्रमाणे मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते, आणि शंभरातील नव्वदाहून अधिक रोग्यांत निदान हाती लागते. 'सुई लागली की पसरतो' या समजुतीने तुकडा टाळू नये. पसरणे हा त्या गाठीचा मूळ स्वभाव असतो आणि ती सुई येण्याआधीच पसरत असते. सुईच्या वाटेने पेशी गेल्याच्या नोंदी आहेत, पण त्या क्वचित. उलट, नाव कळल्याशिवाय घालवलेल्या दिवसांत नुकसान हमखास होते.

इतक्या खटाटोपाने ती कणी कशाला मिळवायची? तर गाठीचे नाव कळण्यासाठी. फोटोत सारख्या दिसणाऱ्या गाठी मुळात निरनिराळ्या असतात. आपल्या देशात हे विशेष ध्यानात ठेवायला हवे, कारण इथे मेंदूत क्षयाची गाठ होते. फोटोत ती कॅन्सरसारखी दिसू शकते, पण ती बहुधा क्षयाच्या गोळ्यांनी विरघळते. तिच्यासाठी मेंदूचा गाभा कापणे म्हणजे उंदरासाठी घर पाडणे. लिम्फोमा नावाची एक गाठ आहे. ती काढून फारसा उपयोग नसतो, तिचा मुख्य उपाय औषध. मेंदूच्या मध्यरेषेत, बहुधा मुलांना आणि तरुणांना होणारी जर्मिनोमा नावाची गाठ किरणोपचाराला इतका चांगला प्रतिसाद देते, की बहुसंख्य रोगी बरे होतात. या सगळ्यांवर आधीच सुरी चालवली तर रोग्याला अर्धांग मिळेल आणि फायदा काही नाही.

तुकड्याची पहिली पाहणी पॅथॉलॉजिस्ट अर्ध्या तासाच्या आत करतात. सुई योग्य जागी गेली की नाही, एवढे त्यातून कळते. पक्के उत्तर काही दिवसांनी येते. २०२१ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे तर अनेक गाठींचे नाव पेशीतल्या जनुकांची तपासणी केल्याशिवाय पुरे होत नाही. म्हणून 'रिपोर्टला इतके दिवस का' असा तगादा लावताना हे लक्षात असावे. आणखी एक सूचना. सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या औषधाने रोग्याला दोन दिवसांत बरे वाटू लागते. ती उतरलेली सूज असते, गेलेला रोग नव्हे. लिम्फोमात तर या औषधाने गाठ तात्पुरती आक्रसते आणि तुकड्यात निदान सापडत नाही. म्हणून हे औषध आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नये.

मग खोल गाठ कधी काढतच नाहीत काय? असे नाही. गाठीला कड असेल, ती पाण्याच्या पोकळीत लोंबत असेल, किंवा गाभ्यातून पृष्ठभागाच्या जवळ आली असेल, तर ती काढतात. १९६० नंतरच्या दशकांत झुरिचच्या यासारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करण्याची शिस्त घालून दिली, आणि दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीतून, मेंदू न कापता आत जाण्याच्या वाटा वापरात आल्या. काही शस्त्रवैद्य बारीक नळी घालून मेंदूच्या तारा कापण्याऐवजी बाजूला सारतात. भाषेच्या केंद्राजवळ गाठ असेल तर रोग्याला जागे ठेवून चित्रे दाखवतात आणि नावे विचारतात. ज्या जागेला विजेचा हलका स्पर्श होताच शब्द अडतो, ती जागा सोडून देतात. मराठी माणसाला ही नावे मराठीतच विचारायला हवीत, हे वेगळे सांगायला नको.

ग्लायोमा ओळखण्यासाठी एक औषध पाजतात. निळ्या प्रकाशाखाली मग गाठ गुलाबी चमकते. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या रीतीने शेकडा ६५ रोग्यांची दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. साध्या प्रकाशात हेच प्रमाण शेकडा ३६ होते. परंतु ही पाहणी पूर्ण काढता येण्याजोग्या गाठींची होती, गाभ्यातल्या सरसकट गाठींची नव्हे. शिवाय कवटी उघडून पाणी वाहून गेले की मेंदू थोडा खाली बसतो, आणि सकाळचा नकाशा दुपारी जुना होतो. म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच पुन्हा फोटो घेण्याची सोय काही ठिकाणी केलेली असते. लहान आणि ठरावीक गाठींवर कवटी न उघडता नेमके किरण एकवटण्याची रीतही आहे. तिला 'किरणशस्त्रक्रिया' हे नाव लेक्सेल यांनी १९५१ साली दिले, आणि १९६८ साली स्टॉकहोममध्ये त्यांचे गॅमा नाइफ यंत्र सुरू झाले.

एवढे सगळे त्या डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितले नाही. चित्र काढून त्यांनी एकच प्रश्न केला. "काका, मागणी काय आहे हे वाचल्याशिवाय तुम्ही करारावर सही करता का?" मी म्हटले, "नाही." त्या म्हणाल्या, "मग गाठ काय आहे हे वाचल्याशिवाय मी सुरी कशी लावू?" मी उठलो आणि वहिनींसमोर जाऊन म्हणालो, की माझे चुकले, तुम्ही सही करा. पण माझ्या भडकण्यापायी तोवर चार दिवस गेले होते. ते चार दिवस आजही मला माझ्या खात्यावर उधार दिसतात.

तुकडा घेतला. निदान वाईट आले, वरच्या श्रेणीचा ग्लायोमा. पण आता नाव कळले होते, म्हणून उपायही ठरला. पाण्याला वाट करून दिली, किरण झाले, गोळ्या झाल्या. या गोळ्यांविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, नुसत्या किरणांनी दोन वर्षांनंतर शेकडा १० रोगी जिवंत होते. किरणांबरोबर गोळ्या दिल्यावर शेकडा २६. हा आकडा लहान वाटेल. ज्याच्या घरचा माणूस त्या जास्तीच्या सोळांत असतो, त्याला तो लहान वाटत नाही.

आमचे जॉबर त्या सव्वीसांत नव्हते. ते सव्वा वर्ष जगले. पण त्या सव्वा वर्षात त्यांचे शब्द परत आले. ते काठी घेऊन युनियनच्या कचेरीत येत. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर वारस म्हणून त्यांच्या मयत आईचे नाव तसेच राहिले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने, वाकड्या अक्षरात, वहिनींचे नाव घातले. धाकट्या भावाला मागाचे आवाज ओळखायला शिकवले. कामगार विम्याच्या योजनेत अशा दीर्घ आजारासाठी नेहमीपेक्षा जास्त मुदतीचा आजारलाभ मिळतो. त्याचा अर्ज आम्ही केला, आणि त्या अर्जाला मुख्य कागद लागला तो त्या तुकड्याच्या तपासणीचा.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. पहाटेची डोकेदुखी आणि उलटी, मोठ्या वयात पहिल्यांदा आलेली फीट, एका बाजूची वाढती कमजोरी, शब्द अडणे, यांतले काही दिसले तर नारळ उतरवण्याआधी डॉक्टरांकडे जा. गाठ निघाली तर चार प्रश्न विचारा. हिचे नाव कळले आहे काय? नसल्यास तुकडा कसा घेणार? काढल्याने काय मिळेल आणि काय जाऊ शकेल? न काढता दुसरा उपाय आहे काय? हे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, आणि उत्तर शांतपणे ऐकून घेणे हे आपले कर्तव्य आहे. पैशाची अडचण असेल तर कामगार विमा किंवा महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना यांत काय बसते, हे दाखल होतानाच विचारा, बिल आल्यावर नव्हे.

ते पत्रक अजून माझ्याजवळ आहे. एका बाजूला 'मजुरीवाढ मिळालीच पाहिजे' असे छापलेले आहे, आणि दुसऱ्या बाजूला बॉलपेनने काढलेला मेंदू. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर जरूर यावे.